कैलासवासी गुन्नार चार वाजता सुरू होतात

माणूस जातो, पण त्याचं कार्य मागे उरतं, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. पाइक नॅरोज गावच्या कर्लिंग क्लबात ते संध्याकाळी चारला सुरू व्हायचं आणि साडेदहाला कुलूप लागायच्या आत बंद व्हायचं.

त्या हिवाळ्यात दर सोमवारी आणि गुरुवारी क्लब माणसांनी भरून जाई. बाहेर उणे एकतीस. लोक गाड्या चालूच ठेवून आत धावत, कारण एकदा बंद केलेली गाडी परत सुरू होईल याची खात्री नसे. मेलेला माणूस मात्र सुरू होईल याची सगळ्यांना खात्री होती.

आमचा खेळ म्हणजे वीस किलोचा दगड बर्फावरून घसरवायचा आणि त्याच्यापुढे झाडू मारत पळायचं. घरी आयुष्यात झाडू न उचललेली माणसं इथे तासन् तास घाम गाळतात. पण त्या दिवसांत बर्फाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या खुर्च्या स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारच्या कोपऱ्याकडे वळलेल्या असत. तिथे एक जुना, पिवळा पडलेला कॉम्प्युटर होता आणि त्याच्यापुढे डार्सी मॅकवेटी बसलेला असे. डार्सीचा मूळ धंदा छपरावर टीव्हीच्या डिश बसवण्याचा. उन्हाळ्यात तो गरम पाण्याचे टब विकायचा. ऑक्टोबरपासून तो मृतांशी बोलत होता.

"शांतता," डार्सी म्हणे. "पलीकडे आवाज जातो."

साठ माणसं गप्प. काळ्या पडद्यावर एक छोटा चौकोन लुकलुकत असे.

"हा बघा, श्वास चालू आहे," डार्सी म्हणे, आणि एक टिंब टाइप करी. "हा बिंदू म्हणजे देह." मग एक तिरकी रेघ. "हे दार. सरळ असतं तर बंद म्हटलं असतं. तिरकं आहे, म्हणजे किलकिलं आहे."

"आहे खरं तिरकं," मागून कुणीतरी म्हणे.

पुढचा शब्द तो डाव्या हाताचा आडोसा करून टाइप करायचा. तो मंत्र. मग एक जागा मोकळी सोडायचा, आत्म्याला आत यायला वाट हवी म्हणून. आणि मग सावकाश, प्रत्येक अक्षराला डोळे मिटत, नाव लिहायचा: गुन्नार. इंग्रजीतलं पहिलं अक्षरसुद्धा लहान लिपीतलं. मी एकदा विचारलं होतं, की नाव मोठ्या अक्षरानं सुरू करायला नको का.

"मेल्यावर कोणी मोठं नसतं, चिटणीस," डार्सी म्हणाला होता. बायकांनी डोळे पुसले. क्लबाचा चिटणीस या नात्यानं मी ते इतिवृत्तात लिहून घेतलं.

मग एंटर. तीन सेकंद काही नाही. आणि भिंतीपलीकडे बर्फ गोठवणारा पंप खोकायचा, थरथरायचा आणि घरघरत चालू व्हायचा.

"आला," सिग्रून अम्मा म्हणायच्या. आमच्याकडे आजीला अम्मा म्हणतात, आणि सिग्रून या साऱ्या गावाच्या अम्मा. गुन्नार त्यांचा नवरा. बावीस वर्षं क्लबाचा बर्फ त्याच्या ताब्यात होता. एप्रिलमध्ये तो वारला.

"खोकला तर अगदी तोच," आमचा अध्यक्ष बोहदान ओलेस्किव म्हणायचा आणि टोपी काढून छातीशी धरायचा.

गुन्नारनंतर थोरा. क्लबाचं स्वयंपाकघर सांभाळणारी थोरा सहा वर्षांपूर्वी गेली. डार्सीनं तिचं नाव टाइप केलं की स्वयंपाकघरातलं कॉफीचं मोठं भांडं तापू लागे. पाणी आणि पूड आधी भरून ठेवावी लागत, कारण आत्म्यांना हात नसतात. कॉफी तयार झाली की बोहदान पहिला घोट घेई आणि तोंड वाकडं करी.

"थोराचीच. फडकं पिळल्यासारखी."

याहून मोठा पुरावा कुणाला नको होता.

हे सगळं सुरू झालं ऑक्टोबरच्या गारपिटीत. दोन दिवस वीज गेली. परत आली तेव्हा दिवे लागले, पण बर्फाचा पंप चालू होईना. तोवर क्लबातली सगळी कामं तो जुना कॉम्प्युटर घड्याळाप्रमाणे आपोआप करत असे. ती व्यवस्था लावली होती वॉल्टर ड्रेगरनं, आणि वॉल्टर चार वर्षांपूर्वी मुलीकडे ॲरिझोनाला निघून गेला होता. आता घड्याळ बिघडलं आणि बर्फावर पाणी साचू लागलं. आम्ही दहा-बाराजण त्या डबक्याकडे बघत उभे होतो. बोहदान सवयीनं म्हणाला, "अरे, कुणी गुन्नार केला का?" आणि त्यानं जीभ चावली, कारण अम्मा शेजारीच उभ्या होत्या.

डार्सी तेव्हा टीव्हीची डिश दुरुस्त करायला आलेला. तो कॉम्प्युटरशी काहीतरी खाटखूट करत बसला. पाच मिनिटांनी पंप खोकला.

"काय केलंस रे?" बोहदाननं विचारलं.

डार्सीनं पडद्याकडे पाहिलं, मग बोहदानकडे, मग अम्मांच्या चेहऱ्याकडे. तो चेहरा पाहून त्याला काय वाटलं असेल ते असो. तो म्हणाला, "मी काहीच केलं नाही. मी फक्त नाव घेतलं."

तेव्हापासून माझ्या इतिवृत्तात अशा नोंदी आहेत: 'उपस्थिती एकोणीस, पैकी दोन मयत.'

लवकरच डार्सीनं दुसरी सिद्धी दाखवली. बोहदाननं भीतभीत विचारलं, माझं नाव टाकलं तर. डार्सीनं टाकलं. पडद्यावर उत्तर आलं: 'बोहदान: सापडत नाही.'

"बघ," डार्सी म्हणाला. "पलीकडे शोधलं त्यांनी तुला. नाहीयेस. म्हणजे इकडेच आहेस."

बोहदान इतका खुलला की घरी बायकोला फोन करून सांगितलं. बायको म्हणाली, येताना दूध आण. पुढे लोक रांगेनं यायला लागले. ब्याण्णव वर्षांचे पेटर अफी, म्हणजे पेटर आजोबा, दर सोमवारी आपलं नाव टाकून घेत. 'सापडत नाही' वाचलं की काठी आपटून म्हणत, "आठवडा निघाला." आठवडा खरोखरच निघत असे.

आणि डिसेंबरात डार्सीनं वॉल्टरचं नाव टाकलं. वॉल्टर सापडला. सापडला म्हणजे काय, सगळ्या हॉलचे दिवे गेले.

"वॉल्टर पण गेला," अंधारात बोहदान म्हणाला. "कळवलंसुद्धा नाही त्याच्या मुलीनं." मी ठराव मांडला, बोहदाननं अनुमोदन दिलं, आम्ही एक मिनिट स्तब्ध उभे राहिलो आणि मी मुलीच्या पत्त्यावर दुखवट्याचं कार्ड पाठवलं.

इथवर नुसती गंमत म्हणून सोडून देता आलं असतं. पंप चालत होता, कॉफी मिळत होती, म्हाताऱ्यांना आठवड्याचा दिलासा मिळत होता. डार्सीच्या वाट्याला आलुबुखाराच्या सात थरांच्या केकचा सगळ्यात मोठा तुकडा येत होता, गुन्नारची खुर्ची आली होती, आणि जानेवारीत गुन्नारची पिकअप गाडीही आली होती. ती त्याला गुन्नारनंच दिली. म्हणजे कौल दिला.

कौल लावायची पद्धत अशी. अम्मा प्रश्न सांगत. डार्सी तो नीट करून मोठ्यानं विचारी. मग मंत्र टाइप करून त्यापुढे 'येस' लिही. "मी शब्द त्याच्यापुढे ठेवतो," तो सांगे. "पटला तर तो उच्चारेल. नाही पटला तर गप्प बसेल."

गुन्नार कधीच गप्प बसला नाही.

अम्मांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. तीस वर्षं क्लबाचा गुणफलक त्यांच्या हातात होता. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर खेळ थांबवणाऱ्या बाई. आता त्यांना लाल दगड आणि पिवळा दगड यातला फरक कळत नव्हता. विनिपेगच्या इस्पितळानं चौदा महिन्यांनी तारीख दिली होती: फेब्रुवारीतला तिसरा मंगळवार. ती चुकली की परत रांगेच्या शेवटी. आणि उजवा डोळा आणखी वर्षभर थांबायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"त्याला विचार बाबा," अम्मा म्हणाल्या. "आयुष्यात कधी त्याला न विचारता काही केलं नाही."

डार्सीनं घसा साफ केला. "गुन्नार, तुझ्या बायकोच्या डोळ्यांत परक्या माणसानं सुरी घालू नये, असंच तुला वाटतं ना?"

येस. एंटर.

पडद्यावर 'वाय' हे अक्षर उमटलं. येसमधला वाय. त्याच्याखाली आणखी एक. मग आणखी, आणि मग पडदा भरून वायच वाय, नळ फुटल्यासारखे वाहत राहिले.

"काय म्हणतोय?" अम्मांनी विचारलं. त्यांना नुसता धूसर उजेड दिसत होता.

"हो म्हणतोय, अम्मा. हो, हो, हो, हो. थांबतच नाहीये."

"इतकं?"

"तळमळीनं बोलतोय," डार्सी म्हणाला, आणि दोन बटणं एकदम दाबून त्यानं गुन्नारला आवरलं.

अम्मांची मुलगी विनिपेगहून फोनवर रडली, ओरडली. अम्मा म्हणाल्या, तुझ्या बापाची इच्छा नाही. इस्पितळानं कळवलं, येणार की नाही ते सोमवारी पाचच्या आत सांगा. अम्मा म्हणाल्या, सोमवारी चारला त्याला शेवटचं विचारते आणि नाही म्हणून कळवते.

त्याआधीच्या शनिवारी सकाळी माझा फोन वाजला.

"चिटणीस, तुझं कार्ड मिळालं."

"कोण बोलतंय?"

"ज्याच्यासाठी पाठवलंस तो."

मी खाली बसलो.

"मुलीनं घर बदललंय, म्हणून उशिरा पोचलं," वॉल्टर ड्रेगर म्हणाला. "आत लिहिलंयस, 'एक मनमिळाऊ मित्र हरपला.' मी कधी रे मनमिळाऊ होतो?"

"नव्हतास," मी कबूल केलं. "पण कार्डावर छापलेलं होतं. वॉल्टर, तू नक्की जिवंत आहेस?"

"मुलीला विचारतो, थांब." तो खरंच विचारून आला. "आहे म्हणते."

मी गाडी काढली आणि हॅलिना कोवाल बाईंकडे गेलो. बाई शाळेत गणित शिकवतात आणि महिला संघाच्या कर्णधार आहेत. सोमवार-गुरुवार चारला त्या वह्या तपासत असत, म्हणून डार्सीचा एकही प्रयोग त्यांनी पाहिला नव्हता. मी सगळं सांगितलं. वाय वाहत राहतात तेही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. सातवीच्या मुलांना वीस वर्षं शिकवल्यावर माणूस लवकर हसत नाही.

"तुम्ही स्वतः काय मानता?" त्यांनी विचारलं.

"मी इतिवृत्त लिहितो," मी म्हटलं.

"म्हणजे मानता," बाई म्हणाल्या. "लावा वॉल्टरला फोन."

त्यांनी वॉल्टरला एकच प्रश्न विचारला: "क्लबातली कामं चालवणाऱ्या तुमच्या कॉम्प्युटर फाइलीची शेवटची ओळ काय आहे?"

वॉल्टरचा आवाज एकदम हळवा झाला. "दहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला.

सोमवारी चारला क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. अम्मा पुढच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स, पर्सवर इस्पितळाचा नंबर लिहिलेला कागद आणि फोन. डार्सीनं गुन्नारला आणलं, थोराला आणलं. मग म्हणाला, आज साक्षीला वॉल्टरलाही बोलवू. दिवे गेले. काचेतून तेवढा संध्याकाळचा करडा उजेड येत होता.

"वॉल्टर," बोहदान नेहमीप्रमाणे हळू आवाजात म्हणाला, "कसं आहे रे तिकडे?"

"बावीस अंश आहे," माझ्या खिशातून आवाज आला. "ऊन पडलंय. मी अर्ध्या चड्डीत बसलोय."

एका बाईनं छातीवर क्रूसाची खूण केली.

"म्हणजे स्वर्गच," पेटर अफी म्हणाले.

"ॲरिझोना आहे, अफी," वॉल्टर म्हणाला. "मी मेलेलो नाही. कुणी मला विचारलं का?"

मी भिंतीपाशी जाऊन बटण दाबलं आणि दिवे लावले. दिवे बटणानंही लागतात हे त्या हिवाळ्यात बरेचजण विसरले होते.

डार्सी पांढरा पडला होता, पण धंदेवाईक माणूस. "आत्मा कुठल्याही तारेतून येतो," तो म्हणाला. "आज टेलिफोनातून आला."

आणि सांगायला लाज वाटते, अर्ध्या लोकांनी माना डोलावल्या. पेटर अफी म्हणाले, ॲरिझोनाला गेलेला माणूस तसा गेल्यातच जमा. बोहदान म्हणाला, चिटणिसानं दुखवट्याचा ठराव मंजूर करून घेतला आहे, तो आता कसा रद्द करायचा.

हॅलिनाबाई उठल्या. "डार्सी, जरा सरक," त्या म्हणाल्या, ज्या आवाजात वर्गात मागच्या बाकाला म्हणतात त्याच आवाजात. डार्सी सरकला.

"वॉल्टर, फाइलीत काय काय आहे ते सांगा."

"कामं आहेत," माझ्या खिशातला वॉल्टर म्हणाला. मी फोन काढून टेबलावर ठेवला. "क्लबातली कामं. प्रत्येक कामाला एक नाव दिलंय, आणि नावाखाली ते काम कसं करायचं त्याच्या पायऱ्या. यंत्र घड्याळ बघून एकेक नाव उचलायचं. घड्याळ बिघडलं तर हातानं चालवता यावं म्हणून कीबोर्डखाली चिठ्ठी ठेवली होती. तीन नावं आणि वेळा."

"तशी काही चिठ्ठी नव्हती," डार्सी म्हणाला.

"बोहदान," वॉल्टर म्हणाला, "बर्फाचा पंप चालू करायचा असला की तू काय म्हणतोस?"

"काय म्हणणार? म्हणतो, गुन्नार करा."

"आणि कॉफी ठेवायची असली की?"

"थोरा लावा."

"आणि सगळे दिवे मालवून घरी जायचं असलं की?"

आमच्या क्लबात कामांना कधी नावं नव्हतीच. जो ते काम करी त्याचंच नाव कामाला. पंचवीस वर्षं आम्ही 'वॉल्टर करून या' म्हणत होतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

"वॉल्टर करा," बोहदान पुटपुटला.

"मी फाइलीत तेच लिहिलं," वॉल्टर म्हणाला. "दुसरं काही लिहिलं असतं तर तुम्हाला कळलं नसतं."

बाईंनी फाइल पडद्यावर उघडली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. दोन अवतरणचिन्हं, आणि त्यांच्यामध्ये एक डॉलरचं चिन्ह आणि एक ॲटचं. एकूण चार खुणा.

"डार्सीचा मंत्र ऐका," त्या म्हणाल्या. "हाताआड लपवत होता ते नुसतं फाइलीचं नाव. क्लब. बिंदू आणि तिरकी रेघ म्हणजे 'याच कप्प्यातली फाइल घे'. आणि ही शेवटची ओळ यंत्राला सांगते: फाइलीच्या नावापुढे जो शब्द लिहिला असेल ते काम कर. त्या नावाचं काम फाइलीत असेल तर होतं. नसेल तर यंत्राच्या स्वतःच्या आज्ञांमध्ये शोधलं जातं. तिथेही नसेल तर यंत्र म्हणतं, सापडत नाही."

"म्हणजे मी जिवंत आहे म्हणून नव्हे," पेटर अफी हळूच म्हणाले.

"नाही, अफी. तुम्ही क्लबात कधी कुठलं काम केलं नाहीत, म्हणून."

"ते मात्र खरं," अफी म्हणाले.

"पण हे डार्सीनं नाव घेतलं तरच होतं ना?" बोहदाननं विचारलं. त्याच्या आवाजात अजून थोडी आशा होती.

"बसा," बाई म्हणाल्या. पंप त्यांनी आधी बंद केला. बोहदान एका बोटानं टाइप करायला बसला. टिंब, रेघ, क्लब, मोकळी जागा, गुन्नार. नावाचं पहिलं अक्षर त्यानं आदरानं मोठं केलं. यंत्र म्हणालं, सापडत नाही.

"यंत्राला मोठं अक्षर आणि लहान अक्षर वेगळं वाटतं. मी लहान अक्षरांत लिहिलं होतं," वॉल्टर म्हणाला. "मोठं करायचं बटण अडकायचं."

बोहदाननं परत लिहिलं. पंप खोकला.

तो खुर्चीत मागे टेकला आणि स्वतःच्या बोटाकडे बघत राहिला. "घरी सांगता येण्यासारखं नाही हे," तो म्हणाला.

अम्मा आता म्हणाल्या, "पंपाचं कळलं. पण तो हो म्हणाला ते? ते वॉल्टरनं लिहिलं होतं?"

"नाही," वॉल्टर म्हणाला. "मी तसलं काही लिहिलं नाही."

हॉलमध्ये कुजबुज झाली. डार्सीनं मान किंचित वर केली. घड्याळात साडेचार झाले होते.

"ते यंत्राच्या स्वतःच्या आज्ञांमध्ये आहे, अम्मा," बाई म्हणाल्या. "काही कामं करताना यंत्र दर पावलाला विचारत बसतं, खात्री आहे ना, खात्री आहे ना. त्याला उत्तर देता देता माणूस कंटाळतो. म्हणून कुणीतरी खूप पूर्वी 'येस' नावाची आज्ञा करून ठेवली. ती प्रश्न ऐकतच नाही. तिला कान नाहीत. ती नुसती वाय, वाय, वाय लिहीत सुटते, कुणी थांबवेपर्यंत."

"आत्मा आज्ञेच्या रूपानं..." डार्सी सुरू झाला.

"गुन्नार," बाई पडद्याकडे बघून म्हणाल्या, "डार्सी मॅकवेटी खोटारडा आहे, असंच तुला वाटतं ना?"

येस. एंटर. वाय वाहू लागले.

"तळमळीनं बोलतोय," पेटर अफी म्हणाले.

त्यानंतर आवरेना. लोक रांगेत उभे राहून विचारू लागले. थोराची कॉफी उत्तम होती का? हो. बोहदान पुढच्या वर्षी विजेता होणार का? हो. चंद्र पेरोगीचा, म्हणजे उकडलेल्या बटाट्याच्या करंजीचा, आहे का? हो, हो, हो. बोहदाननं विजेतेपदाचं दोनदा विचारून घेतलं.

"मला तरी काय माहीत हे कसं चालतं?" डार्सी म्हणाला. "चाललं, म्हणून चालवलं."

"तसंच वाटलं होतं मला," बाई म्हणाल्या. "पण हे यंत्र टाइप केलेली ओळ न् ओळ लक्षात ठेवतं." त्यांनी जुनी यादी पडद्यावर आणली आणि संथपणे वाचली. "पहिल्या कौलाच्या आधी, डार्सी एकटा बसून: नो. नो. नोप. नेव्हर. पिकअप. पिकअप द्या. येस. मग परत येस. मग परत नो." त्या वळल्या. "नाही म्हणायची आज्ञाच यंत्रात नाही हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि अम्मांचे डोळे बरे झाले असते, तर वायखेरीज पडद्यावर काही नाही हे त्यांनी पहिल्या झटक्यात वाचलं असतं. तीस वर्षं गुणफलक लिहिलाय त्यांनी."

डार्सीनं खिशातून पिकअपची किल्ली काढली आणि केकच्या बशीशेजारी ठेवली. किल्लीबरोबर एक घडी केलेली चिठ्ठीही पडली. वॉल्टरचं अक्षर मी ओळखतो.

पावणेपाच. सगळे अम्मांकडे बघत होते. त्यांना आमचे चेहरे दिसत नव्हते हे एका अर्थी बरंच होतं.

"मला चिन्हांचं काही कळलं नाही," अम्मा म्हणाल्या. "डॉलर काय आणि ॲट काय. पण त्या दिवसापासून मला एक खटकत होतं. गुन्नार कधी हो म्हणायचा नाही. काहीही विचारा, म्हणायचा, बघू. घराला रंग लावू या? बघू. मुलीकडे जाऊ या? बघू. एकेचाळीस वर्षांत मला एकदाच हो म्हणाला, तेही पाद्रीबाबांनी दुसऱ्यांदा विचारल्यावर." त्यांनी पर्सवरचा फोन उचलून माझ्यापुढे धरला. "चिटणीस, तो नंबर लाव. मला दिसत नाही."

मी लावला. उद्या सकाळी येते, असं त्यांनी सांगितलं. चार वाजून एकावन्न मिनिटं. मी नोंद घेतली.

डार्सी गाव सोडून गेला नाही. इथे हिवाळ्यात कोण कुठे जाणार. छपरावरच्या डिश आजही तोच बसवतो, आणि चांगल्या बसवतो. हॅलिनाबाईंनी फाइलीत एक नवीन काम घातलं, कपडे बदलायच्या खोलीतल्या पंख्याचं. त्याला नाव दिलं, डार्सी. तो नुसती गरम हवा सोडतो. कुणी 'डार्सी लावा' म्हणालं की तोही हसतो, थोडा उशिरा.

उपदेश करायचा माझा स्वभाव नाही आणि चार महिने मयतांची उपस्थिती लिहिलेल्या माणसाला तो शोभतही नाही. तरी एवढं सांगतो. चमत्कार दाखवणाऱ्याचा एक हात कशाआड तरी असेल, तर आधी तो हात बाजूला करायला सांगा. जे यंत्र, जो बाबा, जो देव प्रत्येक प्रश्नाला होच म्हणतो, त्याला एकदा उलटा प्रश्न विचारून बघा. आणि माणूस मेला आहे असं वाटलं तर कार्ड पाठवण्याआधी त्याला फोन करा.

ऑपरेशनला अकरा मिनिटं लागली. तीन आठवड्यांनी अम्मा क्लबात आल्या, नवा चष्मा लावून, आणि सरळ कॉम्प्युटरसमोर बसल्या. "गुन्नारचं दाखव," म्हणाल्या. बाईंनी फाइल उघडली. गुन्नारच्या नावाखाली तीन ओळी होत्या. पंप चालू करा. दहा मिनिटं थांबा. पंखा चालू करा.

अम्मांनी त्या दोनदा वाचल्या.

"एवढंच?" त्यांनी विचारलं. "चारला सुरू करून?"

"एवढंच, अम्मा," बाई म्हणाल्या.

"बावीस वर्षं तो सातला घरी यायचा. म्हणायचा, बर्फाचं काम फार किचकट असतं."

बोहदाननं टोपी काढून छातीशी धरली.

"पत्ते खेळायचो आम्ही," तो म्हणाला.